‘समजा माझं तुझ्यावर प्रेम असतं तर…’ : ब्रॉडवेच्या जुन्या प्रेमगीतांत कबुली का नसते?

माझी भाची न्यू जर्सीत एडिसनला असते. तिच्या हायस्कूलमध्ये दरवर्षी एक मोठं म्युझिकल बसवतात, म्हणजे सेट, कपडे, पोरांचाच ऑर्केस्ट्रा, सगळं अगदी साग्रसंगीत. यंदा ‘ओक्लाहोमा’ होतं. आमचा दादा पुढच्या रांगेत बसलेला आणि मध्यंतरात त्याचा मला मेसेज आला, “अगं ते हिरो-हिरॉइन आल्यापासून भांडतायत, मग एक गाणं झालं, त्यात पण तू असं करू नको, तू तसं करू नको एवढंच, आणि शेजारच्या आज्जी डोळे पुसत होत्या. म्हणाल्या फार सुंदर प्रेमगीत आहे हे. मला काही झेपलं नाही बघ.”

हा प्रश्न एकट्या दादाचा नाहीये. २०२३ मध्ये मुंबईत बीकेसीच्या नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरला ‘द साउंड ऑफ म्युझिक’ आणि ‘वेस्ट साइड स्टोरी’ आलं होतं, तेव्हापासून आपल्याकडच्या बऱ्याच लोकांना या जुन्या म्युझिकल्सची गोडी लागलीय, आणि बघून आल्यावर कोणीतरी विचारतंच की गाणी कानाला गोड लागतात पण यात प्रेम नेमकं व्यक्त कधी होतं? तर उत्तर असं आहे की १९४० ते १९६० च्या आसपासच्या चांगल्या म्युझिकल्समध्ये ते पटकन व्यक्त होतच नाही, ते मुद्दाम अडवून धरलेलं असतं, आणि त्या अडवण्यातच सगळी कारागिरी आहे. मला ही गाणी मनापासून आवडतात, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

आधी ब्रॉडवे आणि म्युझिकल म्हणजे काय

ब्रॉडवे हा न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधला एक रस्ता. पण नाटकवाले ब्रॉडवे म्हणतात तेव्हा त्यांना टाइम्स स्क्वेअरच्या आसपासची ती चाळीसेक मोठी थिएटरं म्हणायची असतात. आणि म्युझिकल म्हणजे असं नाटक ज्यात माणसं बोलता बोलता गायला लागतात आणि गाता गाता नाचायला. आपल्याला हे सांगायला नको, आपण संगीत नाटकवाले लोक, आपल्याला नाटकात गाणं आलं की ठसका लागत नाही.

पापड आणि फोडणी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ब्रॉडवेवर गाणी बरीचशी पापडासारखी असायची. ताटात आहेत, कुरकुरीत आहेत, पण काढून घेतली तरी जेवण होतं. या नाटकातलं गाणं उचलून त्या नाटकात टाकलं तरी कुणाचं काही बिघडायचं नाही. मग हळूहळू काही लोकांना वाटायला लागलं की गाणं आमटीतल्या फोडणीसारखं हवं, एकदा पडलं की वेगळं काढताच येऊ नये. २७ डिसेंबर १९२७ ला ‘शो बोट’ आलं, ते या बाबतीतलं पहिलं मोठं पाऊल मानतात. त्याचे शब्द ऑस्कर हॅमरस्टाइनचे होते आणि संगीत जेरोम कर्नचं.

पुढे ३१ मार्च १९४३ ला ‘ओक्लाहोमा’ आलं, तेव्हा हॅमरस्टाइनच्या जोडीला संगीतकार रिचर्ड रॉजर्स होता. पडदा उघडला की त्या काळी नाचणाऱ्या पोरींची रांग दिसायची, इथे एक म्हातारी मावशी अंगणात लोणी घुसळत बसलेली आणि आतून कुठून तरी एका काऊबॉयचा गाण्याचा आवाज येतोय, बस. लोक बघतच राहिले. २,२१२ प्रयोग झाले त्याचे. गोष्टीतून उगवणाऱ्या अशा गाण्यांच्या नाटकाला तिकडे ‘इंटिग्रेटेड’ म्युझिकल म्हणतात, आपण एकजीव म्हणू आणि तो इंग्रजी शब्द इथेच सोडून देऊ.

अडचण नेमकी कुठे आली

गाणं एकजीव करायचं ठरलं आणि प्रेमगीताची पंचाईत झाली. बघा ना, प्रेक्षक पैसे देऊन आलेत त्यांना हिरो-हिरॉइनचं प्रेमगीत हवंय आणि ते लवकर हवंय, पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात, कारण ती चाल पुढे परत परत वाजवायची असते, घरी जाताना लोकांच्या ओठांवर राहायला हवी असते. पण हिरो-हिरॉइन आत्ताच भेटलेत. त्यांनी पहिल्याच अर्ध्या तासात माझं तुझ्यावर प्रेम आहे असं गाऊन टाकलं तर पुढचे दोन तास करायचं काय? गोष्ट तिथेच संपली, लग्नाची पत्रिका छापा आणि घरी जा.

म्हणजे प्रेमगीत तर हवं, पण प्रेमाची कबुली नको.

यावर हॅमरस्टाइनने जो तोडगा काढला त्याला तिकडे ‘कंडिशनल लव्ह साँग’ म्हणतात, म्हणजे जर-तरचं प्रेमगीत. आपण प्रेमात आहोत असं म्हणायचंच नाही, समजा असतो तर काय झालं असतं एवढंच गायचं. ‘शो बोट’मध्येच त्याची सुरुवात दिसते, तिथे पहिल्यांदाच भेटलेले दोघं ठरवतात की आपण प्रेमात आहोत असं नुसतं नाटक करूया, आणि त्या नाटकाचं गाणं होतं, ‘मेक बिलीव्ह’. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलगा-मुलीला गच्चीवर पाठवतात ना, तिथे कोण सरळ विचारतं, मी आवडलो का म्हणून? तिथे विचारतात, “समजा पुढे बंगलोरला शिफ्ट व्हावं लागलं, तर तुम्हाला चालेल का?” त्या ‘समजा’मध्ये काय काय भरलेलं असतं ते विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही.

लोक काय म्हणतील

आता दादाच्या प्रश्नाकडे येऊ. ‘ओक्लाहोमा’मधला कर्ली हा काऊबॉय आणि लॉरी ही शेतावरची मुलगी, दोघंही भयंकर मानी. गावात कुजबुज सुरू झालीय यांच्याबद्दल. म्हणून दोघं एकमेकांना सूचना द्यायला लागतात, माझ्याकडे असं बघू नकोस, माझ्या विनोदांवर एवढं हसू नकोस, माझ्या घरच्यांची फार मर्जी राखू नकोस, नाहीतर लोक म्हणतील आपलं जमलंय. गाण्याचं नावच मुळी ‘पीपल विल से वी आर इन लव्ह’. लोक काय म्हणतील! मराठी माणसाला यापेक्षा जवळचं वाक्य कुठलं असणार.

पण त्या सूचना नीट ऐका. हसू नकोस असं ती म्हणते याचा अर्थ तो हसतो हे तिने टिपून ठेवलंय. तो जे म्हणतो त्याचंही तेच, एकेका बारीक सवयीची नोंद आहे. ज्याच्याकडे लक्षच नाही त्याच्या एवढ्या खोड्या कुणाला पाठ असतात? म्हणजे करू नको-करू नकोची ती यादी ही खरं तर मी तुला किती बघते, किती बघतो, याची यादी आहे. शेजारच्या आज्जींचे डोळे त्यासाठी भरून आले.

आणि दुसऱ्या अंकात तेच गाणं परत येतं, तेव्हा दोघांचं खरोखर जमलेलं असतं, आणि आता शब्द थोडेसे बदलतात, म्हणू देत की लोकांना काय म्हणायचं ते. असं गाणं परत येणं याला रिप्राइज म्हणतात, हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. चाल तीच असते पण मधल्या काळात माणसं बदललेली असतात, त्यामुळे तीच चाल वेगळी लागते. लग्नात वाजलेली सनई दहा वर्षांनी दुसऱ्या कुणाच्या लग्नात ऐकली की कसं होतं, तसं.

बाकावरची बारा मिनिटं

या सगळ्या प्रकारातलं माझ्या मते सर्वांत मोठं काम म्हणजे ‘कॅरोसेल’, १९ एप्रिल १९४५. रॉजर्स-हॅमरस्टाइनचंच. हंगेरीच्या फेरेन्क मोल्नारच्या ‘लिलिओम’ या नाटकावरून घेतलेलं, पण गोष्ट अमेरिकेतल्या मेन राज्यात आणली, समुद्रकाठचं गाव, साल १८७३. गंमत म्हणजे ‘ओक्लाहोमा’ सेंट जेम्स थिएटरला चालूच होतं आणि ‘कॅरोसेल’ त्याच ४४व्या रस्त्यावर समोर मॅजेस्टिकला लागलं, म्हणजे एका जोडीची दोन नाटकं रस्त्याच्या दोन बाजूंना.

जूली गिरणीत काम करणारी मुलगी. बिली जत्रेतल्या घोड्यांच्या चक्रापाशी उभं राहून गिऱ्हाइकं बोलावणारा, देखणा, उर्मट, बायकांच्यात वावरलेला. त्या संध्याकाळी दोघांच्याही नोकऱ्या गेल्यात, तिची अशासाठी की गिरणीच्या मुलींना ठरावीक वेळेच्या आत राहत्या जागी परतावं लागायचं आणि ती परतली नाही, त्याची अशासाठी की चक्राच्या मालकिणीला हे प्रकरण खपलं नाही. आता रात्र झालीय, एक बाक आहे, दोघं बोलतायत. थोडं बोलणं, थोडं गाणं, परत बोलणं, परत गाणं, असं जवळजवळ बारा मिनिटं चालतं, आणि कुठे बोलणं संपलं आणि कुठे गाणं लागलं ते कळतच नाही. या प्रसंगाला नाटकवाले ‘बेंच सीन’ म्हणतात आणि म्युझिकल लिहायला शिकणाऱ्यांना तो अजून अभ्यासाला असतो.

तो विचारतो, माझ्यासारख्याशी लग्न करशील का? ती म्हणते, प्रेम असतं तर केलं असतं. आणि तिथून ‘इफ आय लव्ह्ड यू’ सुरू होतं. समजा माझं प्रेम असतं तर मी काय केलं असतं, तर सांगायचं खूप असून शब्द सापडले नसते, लाजून गप्प राहिले असते आणि तू निघून गेला असतास. आधी ती गाते, मग थोड्या वेळाने तोही तसंच गातो. मधेच झाडाची फुलं गळायला लागतात, तो म्हणतो वाऱ्याने असेल, आणि मग त्यांच्या लक्षात येतं की वारा तर अजिबात नाहीये, फुलांची गळायची वेळच झालीय. दोघांपैकी कुणीही आपल्याबद्दल काही बोललेलं नाही. पण प्रेक्षागृहात एकही माणूस असा उरत नाही ज्याला कळलं नाही.

आणि आता रिप्राइज. पुढे त्यांचं लग्न होतं, संसार वाईट होतो, बिली एका चोरीत फसतो आणि स्वतःलाच संपवतो. पंधरा वर्षांनी त्याला एक दिवसासाठी पृथ्वीवर परत यायला मिळतं. जूली समोर आहे, तिला तो दिसत नाही. तो तेच गाणं गातो, त्याच चालीत, फक्त ‘असतं तर’ गेलेलं आहे. किती होतं ते तुला कधी कळणार नाही, असं. पहिल्या वेळी जे नुसतं समजा म्हणून गायलं होतं, शब्द सापडले नसते आणि संधी निघून गेली असती, ते अक्षरशः तसंच घडलेलं असतं. जर-तरचं गाणं हा नुसता वेळ काढायचा उपाय नाहीये असं मी म्हणते ते यासाठी, इथे त्या ‘जर’वर अख्खं नाटक उभं आहे.

शब्द एक सांगतात आणि सूर दुसरंच

हे जमतं कसं? शब्द नाही म्हणतायत तर आपल्याला हो कुठून ऐकू येतं?

चालीतून. हॅमरस्टाइन आधी शब्द लिहायचा, त्यावर कधी कधी कित्येक आठवडे घालवायचा, आणि मग रॉजर्स चाल करायचा. शब्द संकोचलेले असतात आणि चाल मोकळी, मोठी, भरून आलेली. पोरगी “मला काही नाही त्याचं” असं म्हणते आणि चेहरा लाल झालेला असतो, तर आई कशावर विश्वास ठेवते? चेहऱ्यावर. म्युझिकलमध्ये तो चेहरा म्हणजे ऑर्केस्ट्रा.

चालीचा एक साचाही होता, बहुतेक गाणी त्याच साच्यात. बत्तीस बारांचा साचा, बार म्हणजे तालाचं एक छोटं आवर्तन समजा. आठ बारांची एक चाल, तीच परत, मग आठ बार वेगळी चाल, आणि शेवटी पहिलीकडे येणं. आपला मुखडा आणि अंतरा आठवा, जवळपास तसंच, फक्त अंतरा एकदाच आणि छोटासा. घरातून निघालो, गल्लीत दोन फेऱ्या मारल्या, मग जरा हायवेवर जाऊन आलो आणि परत घर. या हायवेच्या तुकड्यात बहुतेक वेळा खरं बोललं जातं. ‘इफ आय लव्ह्ड यू’मध्येही सांगावंसं वाटतंय पण भीती वाटते, हे त्या मधल्या तुकड्यातच आहे. एकदा हे माहीत झालं की कुठलंही जुनं गाणं ऐकताना त्या वळणावर कान आपोआप टवकारतात, करून बघा.

अपेक्षांचा रकाना, आणि गप्प राहून प्यायलेली ब्रँडी

जर-तर हा एक मार्ग झाला. बाकीच्यांनी आपापले शोधले. फ्रँक लेसरच्या ‘गाइज अँड डॉल्स’मध्ये (१९५०) एक जुगारी आणि एक धर्मप्रचाराचं काम करणारी मुलगी समोरासमोर उभे राहून आपल्याला जोडीदार कसा हवा ते गातात, समोरच्याबद्दल चकार शब्द नाही. विवाहमंडळाच्या फॉर्ममधला ‘अपेक्षा’ रकाना, तसं. तिला सगळं ठरलेलं, नीटनेटकं हवंय, तो म्हणतो ते नशिबावर सोडावं. आणि दोघांच्या अपेक्षा अजिबात जुळत नाहीत हे ऐकता ऐकताच आपल्याला कळतं की यांचं जमणार.

‘साउथ पॅसिफिक’ (१९४९) मात्र थांबून बघण्यासारखं. दुसऱ्या महायुद्धातलं बेट, अमेरिकेतल्या लिटल रॉकची नर्स नेली, आणि वयाने बराच मोठा फ्रेंच मळेवाला एमील. एमीलचं काम केलं एझिओ पिंझाने, तो ऑपेराचा नावाजलेला खर्जाचा गायक. नेली होती मेरी मार्टिन. तिला पिंझाच्या त्या आवाजाबरोबर एकत्र गायची धास्ती वाटली आणि तसं तिने सांगितलं, तर रॉजर्स-हॅमरस्टाइनने त्यातून काय काढावं? दोघं शेजारी उभे आहेत पण आपापल्या मनात गातायत, आळीपाळीने. ती म्हणते हा एवढा शिकलेला, मी खेडवळ. तो म्हणतो मी एवढा मोठा, ही पोर. एकमेकांना एक अक्षर ऐकू जात नाही. मग दोघं गप्प होतात, नुसते ब्रँडीचे पेले हातात, आणि बोलायचं जे राहिलं ते सगळं ऑर्केस्ट्रा बोलतो, चढत चढत जातो. माझ्या मते अख्ख्या नाटकातला सर्वांत प्रेमाचा क्षण तो, आणि त्यात कुणी गातच नाहीये.

त्यानंतर येतं ते प्रसिद्ध ‘सम एन्चान्टेड इव्हनिंग’, गर्दीत एखादा अनोळखी चेहरा दिसतो आणि कळतं वगैरे. तेही बघा, माझ्या बाबतीत असं झालं असं तो म्हणतच नाही, माणसाला असं होऊ शकतं बरं का, असा सल्ला दिल्यासारखं गातो. त्यामुळे ते गाणं नाटकातून बाहेर काढून कुणालाही गाता आलं, १९४९ मध्येच पेरी कोमोच्या आवाजात ते अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं. कास्ट अल्बम, म्हणजे नाटकातल्याच कलाकारांच्या आवाजातली रेकॉर्ड, हाही याच काळात जोरात आला. ज्यांनी न्यूयॉर्क कधी पाहिलं नाही त्यांच्या दिवाणखान्यात ही नाटकं अशी पोचली.

“पण पहिल्या भेटीतच गाणं? पटत नाही बुवा”

हा आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो. खऱ्या आयुष्यात बाकावर बसून कोण गातं? कोणीच नाही, मान्य. पण खऱ्या आयुष्यात दोन माणसं जवळ यायला सहा महिने लागतात आणि नाटकाकडे अडीच तास आहेत. डाळ पातेल्यात शिजायला तास जातो, कुकरमध्ये तीन शिट्ट्या, डाळ तीच असते. गाणं हा तो कुकर. आणि जर-तरचं गाणं तर उलट जास्त पटतं, कारण पहिल्या भेटीत माणूस असंच वागतो, आडून आडून.

पण काही ठिकाणी आडून बोलायला वेळच नसतो. २६ सप्टेंबर १९५७ ला ‘वेस्ट साइड स्टोरी’ आलं, न्यूयॉर्कच्या गल्ल्यांतल्या दोन टोळ्या, रोमिओ-ज्युलिएटचीच गोष्ट, आणि सगळं दोन दिवसांत आटोपतं. टोनी आणि मारिया भेटतात आणि थेट कबूल करतात, जर-तर काही नाही. संगीत लेनर्ड बर्नस्टाइनचं, शब्द स्टीफन सॉन्डहाइमचे, वय वर्षं २७, आणि हा सॉन्डहाइम लहानपणापासून हॅमरस्टाइनच्या हाताखाली शिकलेला, म्हणजे अगदी आपल्या अर्थाने शिष्य. गुरूने जी कबुली अडवून धरली ती शिष्याच्या नाटकात बांध फुटावा तशी येते.

मग ताण कुठून येतो? इथे तो सुरांत लपवलाय. घरात हार्मोनियम असेल तर बसा. पांढरी एक हा सा धरा. आता ‘मारिया’ हे नाव गाण्यात जसं येतं तसं वाजवा, सा, मग एकदम काळी तीन म्हणजे तीव्र मध्यम, आणि लगेच पांढरी पाच, पंचम. सा, तीव्र म, प. आपल्याला तीव्र मध्यम यमनमुळे ओळखीचा, पण तिथे आपण गंधारावरून हळूच जातो. इथे ‘सा’वरून थेट त्यावर उडी आहे, आणि त्या दोन सुरांत एक कासाविशी आहे, जिन्यात पाय टाकला आणि पायरी असायला हवी तिथे नाही, असं पोटात होतं, आणि मग पंचम येतो आणि पाय टेकतो. नुसतं तिचं नाव घेताना त्याला आधी तोल गेल्यासारखं होतं आणि मग सावरतं. हाच सा आणि तीव्र मध्यमातला ताण नाटकभर टोळ्यांच्या मारामारीच्या संगीतातही पेरलेला आहे, फक्त तिथे तो असा सुटत नाही.

आणि ‘टुनाइट’ हे प्रेमगीत नंतर परत येतं तेव्हा ते पाच बाजूंनी एकाच वेळी गायलं जातं. टोनीला आज रात्री मारिया भेटायची आहे, मारियाला टोनी, मारियाच्या मैत्रिणीला, अनिताला, तिचा प्रियकर, आणि दोन टोळ्यांना एकमेकांचा हिशेब चुकता करायचाय. सगळ्यांची आज रात्र. प्रेमाची चाल मारामारीच्या तालावर तरंगत राहते आणि आपल्याला दिसतं की यांच्यापैकी कुणाचीच रात्र त्यांना हवी तशी जाणार नाही.

“आपल्याकडे नाट्यपदं होती की”

होती ना. ‘संगीत सौभद्र’ १८८२ चं आहे, ब्रॉडवेचं एकजीव म्युझिकल येण्याच्या कितीतरी आधी, आणि त्यात प्रेम, रुसवे, विरह सगळं पदांतून आहे. आणि अंगावर लावायचे माइक तेव्हा तिकडेही नव्हते, तिथलेही गायक आपल्या नटांसारखेच शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचे, त्यामुळे त्या जुन्या रेकॉर्डमधला खडा, मोकळा आवाज आपल्या कानाला परका वाटत नाही.

फरक आहे तो वेळेच्या वापरात. आपल्याकडे पद सुरू झालं की प्रसंग थांबतो आणि राग उलगडतो, आलाप, ताना, वन्स मोअर, आणि लोक त्यासाठीच आलेले असतात. १९६० नंतर ‘मत्स्यगंधा’, ‘कट्यार’च्या काळात अभिषेकीबुवांनी पदं पुष्कळ आटोपशीर केली तरी गवयाला जागा राहिलीच. ब्रॉडवेच्या गाण्यात गवयाला जागा नाही, प्रत्येक सूर लिहिलेला, रंगमंचापुढच्या खड्ड्यात वाद्यवृंद चालवणारा कंडक्टर, आणि गाणं चालू असताना गोष्ट पुढे सरकत असते, सुरुवातीला पात्रं जिथे होती तिथे ती शेवटी नसतात. एक चांगलं आणि एक वाईट असं नाही, एकात आपण रागात बुडतो आणि दुसऱ्यात गोष्टीत. दादाचा गोंधळ त्यामुळेच झाला असणार, तो पद ऐकायच्या तयारीने बसला होता आणि समोर संवाद चालला होता, फक्त सुरात.

“हे सगळं आता जुनाट नाही का झालं?”

काही बाबतींत झालंय, आणि त्यावर पांघरूण घालायची माझी इच्छा नाही. ‘कॅरोसेल’मध्ये बिली जूलीवर हात उगारतो, आणि शेवटी त्यांची मुलगी आईला विचारते की एखाद्याने जोरात मारलं तरी लागत नाही असं होऊ शकतं का, आणि आई हो म्हणते. हे आज ऐकवत नाही, ऐकवू पण नये. त्या नाटकातलं संगीत मला जीव की प्राण आहे आणि तरी ते वाक्य आलं की मला राग येतो, दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

पण ही मंडळी भाबडी होती असं मात्र नाही. ‘साउथ पॅसिफिक’मध्ये एमीलच्या मुलांची आई पॉलिनेशियन होती हे कळल्यावर नेली मागे हटते, जी आपल्याला इतका वेळ गोड वाटत होती तीच, आणि नाटक एका गाण्यातून सरळ सांगतं की हा द्वेष जन्मजात नसतो, तो लहानपणी शिकवावा लागतो. १९४९ च्या अमेरिकेत हे गाणं काढून टाका म्हणून दबाव आला, त्यांनी काढलं नाही.

सवय झालीय तिची

जर-तरच्याही पुढची पायरी म्हणजे ‘माय फेअर लेडी’, १५ मार्च १९५६, लर्नरचे शब्द आणि लोचं संगीत. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून, ज्या नाटकावरून पुलंनी आपल्याला ‘ती फुलराणी’ दिली. शॉला फुलं विकणारी एलायझा आणि तिला बोलायला शिकवणारा प्रोफेसर हिगिन्स यांचं जमलेलं अजिबात नको होतं, ती फ्रेडी नावाच्या दुसऱ्याच मुलाशी लग्न करते असं त्याने नाटकाला जोडून लिहूनच ठेवलं. आणि म्युझिकलला तर प्रेमगीत हवं. रॉजर्स-हॅमरस्टाइननेही हे नाटक हातात घेऊन बघितलं होतं आणि सोडून दिलं होतं.

लर्नर-लोने शेवटी हिगिन्सला जे गाणं दिलं त्यात प्रेम हा शब्दच नाही. एलायझा निघून गेलीय, तो रस्त्याने घरी चाललाय, आधी तणतणतो, तिचं कसं वाटोळं होईल याची चित्रं रंगवतो, आणि मग हळूहळू उतरत येऊन म्हणतो की तिच्या चेहऱ्याची सवय झालीय मला. बस एवढंच. हिगिन्सचं काम करणाऱ्या रेक्स हॅरिसनला गाता यायचं नाही फारसं, तो अर्धं बोलायचा अर्धं गायचा, आणि तेच बरोबर होतं, कारण या माणसाला मोकळं गाता आलं असतं तर तो बोललाही असता. आपल्याकडे किती काका-आजोबा आहेत ज्यांनी आयुष्यात याच्या पुढचं वाक्य उच्चारलं नाही? काकू चार दिवस माहेरी गेल्या की चहा बेचव लागतो म्हणतात, तेवढंच.

पंचवीस वर्षांनी विचारलेला प्रश्न

शेवटी जरा पुढचं, १९६४ चं एक सांगते, ‘फिडलर ऑन द रूफ’. रशियातलं ज्यूंचं खेडं, साल १९०५. दूधवाला तेव्ये आणि त्याची बायको गोल्डे. यांचं लग्न घरच्यांनी ठरवलेलं, दोघांनी एकमेकांना पहिल्यांदा पाहिलं ते लग्नाच्याच दिवशी. आता त्यांच्या मुली आपापली मुलं पसंत करतायत, दुसरीने तर परवानगीही मागितली नाही, नुसतं सांगितलं. तेव्ये ती बातमी द्यायला बायकोकडे येतो, आणि बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून जातं, तुझं माझ्यावर प्रेम आहे का गं?

ती म्हणते तुझं पोट बिघडलंय बहुतेक, जाऊन जरा पड. तो परत विचारतो. ती म्हणते पंचवीस वर्षं तुझे कपडे धुतले, स्वयंपाक केला, घर झाडलं, पोरं दिली, गाय पिळली, आता हे काय काढलंस? तो परत विचारतो. आणि ती स्वतःशीच हिशेब करायला लागते, याच्याबरोबर राहिले, भांडले, याच्याबरोबर उपाशी झोपले, हे जर प्रेम नाही तर मग प्रेम म्हणतात तरी कशाला. आणि मग कुरकुरत, नाइलाज झाल्यासारखं, असावं बहुतेक असं म्हणते. तो म्हणतो, माझंही असावं मग. यात मोठी चाल नाही, आवाज चढत नाही, दोन दमलेली माणसं शेजारी शेजारी.

भाचीच्या शाळेत पुढच्या वर्षी ‘फिडलर’ घ्यायचं चाललंय म्हणे. दादाला मी आत्ताच सांगून ठेवलंय, त्या गाण्याच्या वेळी फोन खिशात ठेव आणि वहिनीच्या शेजारच्या खुर्चीवर बस.